ऊन फुकट, व्याज नव्हे

राजस्थानातील फलोदी हे गाव दोन गोष्टींसाठी देशभर ओळखले जाते. निवडणुका जवळ आल्या की तेथील सट्टाबाजाराचे आकडे वृत्तपत्रांतून झळकू लागतात, ही पहिली गोष्ट. तिच्यात बँकेच्या पत्रिकेने फार रस घेणे बरे नव्हे. दुसरी गोष्ट उन्हाची. १९ मे २०१६ रोजी फलोदीत पारा ५१ अंश सेल्सिअसवर पोहोचला आणि भारतात नोंदल्या गेलेल्या सर्वोच्च तापमानाचा मान या गावाकडे गेला. मान म्हणावा की शिक्षा, हे मे महिन्याच्या दुपारी तेथे उभे राहणाऱ्यानेच ठरवावे.

याच फलोदीच्या परिसरात, भडला नावाच्या वाळवंटी मुलखात, सुमारे चौदा हजार एकरांवर निळसर काचांचा विस्तार पसरला आहे. भडला सौर उद्यानाची क्षमता २,२४५ मेगावॅट. जगातील मोठ्या सौर उद्यानांत त्याची गणना होते. मे २०१७ मध्ये या उद्यानातील एका टप्प्यासाठी लिलाव झाला तेव्हा वीज २ रुपये ४४ पैसे प्रतियुनिट दराने देण्याची बोली लागली आणि ऊर्जाक्षेत्रातील जाणकारही चकित झाले. अवघ्या सात वर्षांपूर्वी, म्हणजे २०१० साली, राष्ट्रीय सौर अभियानाच्या पहिल्या लिलावात सर्वांत कमी बोली १० रुपये ९५ पैशांची होती. पुढे डिसेंबर २०२० मध्ये गुजरातेत तर १ रुपया ९९ पैशांपर्यंत दर उतरला.

या दहा वर्षांत सूर्य तोच होता. मग बदलले काय? पहिले उत्तर सर्वांना ठाऊक आहे. चीनमध्ये प्रचंड प्रमाणावर उत्पादन सुरू झाल्याने सौर पॅनेल स्वस्त झाले. दुसरे उत्तर मात्र पर्यावरणाच्या चर्चांमध्ये क्वचितच ऐकू येते, आणि ते बँकेच्या काउंटरच्या अलीकडे वा पलीकडे बसणाऱ्या प्रत्येकाला सहज उमजण्यासारखे आहे. ते उत्तर म्हणजे व्याजदर.

मतांचा बाजार

हवामानबदल या विषयावर आज प्रत्येकाचे मत आहे. एक पक्ष म्हणतो, कोळसा तत्काळ बंद करा, पृथ्वी वाचवा. दुसरा म्हणतो, पाश्चात्त्यांनी दोनशे वर्षे कोळसा जाळून आपली घरे उजळली, आता आमच्या वाट्याला आली तेव्हा उपदेश करू लागले! तिसऱ्याचा भरवसा अणुऊर्जेवर, चौथ्याचा जलविद्युतेवर, तर पाचव्याला हे सारे थोतांडच वाटते. या प्रत्येक मतामागे काही ना काही वास्तव आहे. पाचव्याच्या बाबतीत ते फारच कमी आहे, एवढे नमूद करणे भाग आहे.

दुसऱ्या पक्षाचे म्हणणे सहज उडवून लावण्यासारखे नाही. एक भारतीय माणूस वर्षाकाठी सरासरी सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइडला कारणीभूत ठरतो, तर एक अमेरिकी माणूस सुमारे चौदा टनांना. देश म्हणून मात्र उत्सर्जनात भारताचा क्रमांक चीन व अमेरिकेनंतर तिसरा लागतो. दरडोई मोजावे की देशागणिक, यावर १९९२ च्या रिओ परिषदेपासून आजतागायत वाद चालू आहे. १९९१ मध्येच अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी एका गाजलेल्या पुस्तिकेत विषम जगातील तापमानवाढीचा हा प्रश्न मांडला होता: जगण्यासाठी होणारे उत्सर्जन आणि चैनीसाठी होणारे उत्सर्जन एकाच तराजूत कसे तोलायचे? भातशेतीतून निघणारा वायू आणि दोन-दोन मोटारींच्या धुराड्यांतून निघणारा वायू रसायनशास्त्राच्या दृष्टीने भले सारखेच तापमान वाढवोत, न्यायाच्या दृष्टीने ते सारखे नाहीत, असा त्यांचा युक्तिवाद होता.

नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगो येथील परिषदेत भारताने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट जाहीर केले. त्याच परिषदेच्या अखेरच्या तासांत कोळसा टप्प्याटप्प्याने 'बंद' करण्याऐवजी टप्प्याटप्प्याने 'कमी' करण्याचा शब्दप्रयोग भारताच्या आग्रहाने ठरावात आला. एका शब्दावरून जगभर टीका झाली. तथापि ज्या देशाची विजेची गरज दरवर्षी वाढते आहे त्याने कोळशाबद्दल असा शब्द मागून घेणे अगदीच अनाकलनीय नव्हते. वीज कशापासून करावयाची हा प्रश्न नीतीचा आहे तसाच हिशेबाचाही आहे. आणि हिशेब मांडल्याखेरीज नीतीची चर्चा अधांतरी राहते.

एका मेगावॅटचा हिशेब

औष्णिक वीजकेंद्र आणि सौर प्रकल्प यांच्या जमाखर्चातील मूलभूत फरक असा. औष्णिक केंद्र उभारताना मोठा खर्च येतोच. पण ते सुरू झाल्यावरही रोज कोळसा घालावा लागतो. एक युनिट विजेसाठी साधारण सहाशे ते सातशे ग्रॅम कोळसा जळतो. म्हणजे खर्चाचा मोठा हिस्सा पुढील पंचवीस-तीस वर्षांत, वीज विकता विकता होत राहतो. सौर प्रकल्पाचे तसे नाही. त्याचा जवळजवळ सगळा खर्च पहिल्याच दिवशी करून टाकावा लागतो. पुढील पंचवीस वर्षांचे इंधन जणू आगाऊ विकत घ्यावे, तसा हा प्रकार आहे. पुढे खर्च उरतो तो काचा पुसण्याचा, राखणदारीचा आणि किरकोळ दुरुस्तीचा.

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एक मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारण्यास ४ कोटी रुपये लागले आणि वाळवंटातील कडक उन्हात त्यातून वर्षाला २० लाख युनिट वीज मिळाली. सोयीसाठी सगळी रक्कम कर्जाऊ धरू, पंचवीस वर्षांत समान वार्षिक हप्त्यांनी परतफेड धरू आणि देखभालीचा खर्च बाजूला ठेवू. व्याजदर १० टक्के असेल, तर वार्षिक हप्ता सुमारे ४४ लाख रुपये येतो. म्हणजे एका युनिटमागे सुमारे २ रुपये २० पैसे. हाच दर ५ टक्के असेल, तर हप्ता २८ लाख ४० हजारांच्या आसपास आणि युनिटमागे १ रुपया ४२ पैसे. आणि दर १५ टक्क्यांवर गेला, तर युनिटमागे ३ रुपये ९ पैसे!

काचा त्याच, ऊन तेच, जमीन तीच. केवळ पैशाचे भाडे बदलले आणि विजेचा भाव दुपटीहून अधिक झाला. औष्णिक केंद्रालाही व्याज चुकत नाही, परंतु त्याच्या दरात कोळशाच्या किमतीचा वाटा मोठा असल्याने व्याजाची झळ त्या मानाने कमी बसते. म्हणून व्याजदर चढे असतील तर पारडे कोळशाकडे झुकते आणि ते उतरले की सूर्याकडे. पर्यावरणरक्षणाच्या घोषणा कितीही दिल्या, तरी हे पारडे त्या ऐकत नाही.

भडल्यात २०१७ साली दर एवढा खाली आला, त्यामागे हीच गोष्ट होती. जमीन आणि पारेषण वाहिनी उद्यानातच तयार होती, वीज विकत घेणारी संस्था केंद्र सरकारच्या मालकीची होती आणि पैसे थकल्यास भरपाईची तरतूद होती. धोका कमी, म्हणून परदेशी गुंतवणूकदार आपला स्वस्त पैसा घेऊन आले.

धोक्याचे भाडे

व्याजात दोन भाग असतात, हे बँकेत नव्याने रुजू झालेल्या अधिकाऱ्यालाही शिकवले जाते. एक पैशाच्या वापराचे भाडे, दुसरे पैसे बुडण्याच्या भीतीचे भाडे. सौर प्रकल्पाच्या बाबतीत भीती कोणाची? सूर्य उगवण्याची हमी पक्की आहे. भीती असते ती वीज विकत घेणाऱ्या वितरण कंपन्यांची.

राज्यांच्या वितरण कंपन्यांची आर्थिक स्थिती हा जुना आजार आहे. शेतीसाठी सवलतीची वीज द्यावी लागते, तिचे पैसे राज्य सरकारकडून वेळेवर येत नाहीत, गळती व चोरी थांबत नाही, आणि निवडणुकीच्या तोंडावर दरवाढ करण्याचे धैर्य कोणात नसते. परिणामी वीजनिर्मात्यांची देणी तुंबतात. जून २०२२ मध्ये केंद्र सरकारने विलंब अधिभाराचे नवे नियम आणले, तेव्हा या कंपन्यांची थकबाकी सव्वा लाख कोटी रुपयांहून अधिक होती. ती ४८ मासिक हप्त्यांपर्यंत विभागून फेडण्याची सोय आणि न फेडल्यास वीजपुरवठ्यावर निर्बंध, असा गोड-कडू उपाय करण्यात आला. त्याचा उपयोग झाला, हेही मान्य केले पाहिजे.

करार मोडण्याची भीती वेगळीच. भडल्याचे दर जाहीर झाल्यावर, आधी चढ्या दराने करार करून बसलेल्या राज्यांना आपण फसलो असे वाटू लागले. आंध्र प्रदेश सरकारने २०१९ मध्ये जुन्या सौर व पवन करारांचे दर पुन्हा ठरवण्यासाठी समिती नेमली. प्रकरण न्यायालयात गेले आणि मार्च २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने करारातील दरानेच पैसे देण्याचा निर्णय दिला. निर्मात्यांचा विजय झाला. परंतु मधल्या अडीच-तीन वर्षांत कर्जाचे हप्ते थांबले नव्हते. वीजग्राहकाच्या बाजूने पाहिले, तर बाजारात आंबे स्वस्त झाल्यावर महिन्यापूर्वीचा महागडा सौदा नकोसा वाटणे स्वाभाविक आहे. मात्र पंचवीस वर्षांचा करार तीन वर्षांत नकोसा होऊ शकतो, हे एकदा दिसले की पुढच्या प्रत्येक प्रकल्पाच्या कर्जप्रस्तावात ती भीती व्याजरूपाने उतरते. एका राज्याच्या निर्णयाचे भाडे मग शेजारची राज्येही भरतात.

येथे कोणी म्हणेल, कोळसा तर बँकांच्या दृष्टीने सुरक्षितच असणार. ज्यांनी २०१० नंतरचे दशक कर्ज विभागात काढले आहे, ते यावर खिन्नपणे हसतील. २०१८ मध्ये संसदेच्या ऊर्जाविषयक स्थायी समितीने अडचणीत सापडलेल्या ३४ औष्णिक प्रकल्पांची दखल घेतली. त्यांची एकत्रित क्षमता ४० हजार मेगावॅटहून अधिक होती. कोठे कोळशाचा पुरवठा नव्हता, कोठे वीज विकत घेणारा नव्हता, तर कोठे प्रवर्तकापाशीच भांडवल नव्हते. विजेची मागणी अमुक गतीने वाढेल, असे गृहीत धरून हे प्रकल्प उभे राहिले होते. मागणी तेवढी वाढली नाही. त्याच वर्षी १२ फेब्रुवारीला आलेले रिझर्व्ह बँकेचे परिपत्रक आणि एप्रिल २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्दबातल ठरवणे, हा घटनाक्रम अनेक शाखांतील जुन्या सहकाऱ्यांच्या स्मरणात असेल. तेव्हा हात पोळले ते कोळशाच्याच निखाऱ्यांनी. हवामानबदलावर कोणाचे मत काहीही असो, अनुत्पादक कर्जाला मत नसते.

ज्यांच्या चुली कोळशावर पेटतात

कर्जखात्यात न दिसणारी माणसेही या हिशेबात आहेत. झारखंडातील झरिया येथे जमिनीखालील कोळशाला १९१६ पासून आग लागलेली आहे. शंभरांहून अधिक वर्षे ती विझलेली नाही आणि तिच्यावर, धुमसणाऱ्या भेगांच्या आसपास, वस्त्या आहेत. ही माणसे तेथून हलत का नाहीत, असा प्रश्न दूरच्या शहरांतून विचारला जातो. कारण रोजगार तेथेच आहे. कोल इंडियाच्या कायम नोकरवर्गाची संख्या दोन लाखांहून अधिक आहे. कंत्राटी कामगार, ट्रकचालक, टपरीवाले, सायकलवर कोळशाची पोती लादून ढकलत नेणारे फेरीवाले वेगळेच. आपल्या विदर्भात चंद्रपूर आणि वणीच्या पट्ट्यातही हेच चित्र लहान प्रमाणात दिसते. कोळशाच्या स्वामित्वधनावर झारखंड, ओडिशा, छत्तीसगड या राज्यांचे अंदाजपत्रक टेकलेले आहे. रेल्वेच्या मालवाहतुकीत वजनाच्या हिशेबाने निम्म्याच्या जवळपास कोळसाच असतो आणि मालवाहतुकीच्या नफ्यातूनच प्रवासी तिकिटांची झीज भरून निघते. मुंबईहून गावी जाणाऱ्या चाकरमान्याचे स्वस्त तिकीट काही अंशी कोळशाच्या वाघिणीने काढलेले असते, ही गंमत फारशी कोणी लक्षात घेत नाही.

२०१० मध्ये केंद्र सरकारने कोळशावर टनामागे ५० रुपये उपकर बसवला. स्वच्छ ऊर्जेसाठी निधी उभारणे हा त्याचा हेतू होता. २०१६ पर्यंत तो ४०० रुपयांवर गेला. पुढच्याच वर्षी वस्तू व सेवा कर आला आणि हा उपकर राज्यांच्या नुकसानभरपाईकडे वळवला गेला. अखेर सप्टेंबर २०२५ मध्ये तो रद्द करून कोळशावरील वस्तू व सेवा कर ५ टक्क्यांवरून १८ टक्के करण्यात आला. ज्या पैशाने कोळसा भागातील तरुणांना दुसरा धंदा शिकवता आला असता, त्याचा मोठा भाग अन्य वाटांनी गेला, असे म्हणण्यास जागा आहे. झरियाच्या कामगाराला भडल्यात नोकरी मिळणार नाही. उभारणी संपल्यावर सौर उद्यानाला माणसेच फार थोडी लागतात.

सूर्यास्तानंतर

जुलै २०२५ मध्ये सरकारने जाहीर केले की देशाच्या एकूण स्थापित वीजक्षमतेपैकी निम्मी क्षमता जीवाश्म इंधनाविना झाली आहे. पॅरिस करारात हे उद्दिष्ट २०३० साठी ठेवले होते, ते पाच वर्षे आधीच साध्य झाले. ही अभिमानास्पद बाब आहे. मात्र क्षमता आणि प्रत्यक्ष निर्मिती यांत घोटाळा होऊ देऊ नये. बँकेच्या भाषेत सांगायचे, तर मंजूर मर्यादा वेगळी आणि उचललेली रक्कम वेगळी. देशात प्रत्यक्ष निर्माण होणाऱ्या विजेपैकी सुमारे सत्तर टक्के वीज अद्याप कोळशाचीच आहे. सौर पॅनेल रात्री झोपतात, ढगाळ दिवशी आळसावतात, आणि घरोघरी दिवे व वातानुकूलन यंत्रे एकाच वेळी सुरू होतात ती नेमकी सूर्य मावळल्यावर.

यावर उपाय साठवणुकीचा. एक मार्ग बॅटऱ्यांचा. त्यांच्या किमती झपाट्याने उतरत आहेत. दुसरा मार्ग उदंचन जलविद्युतेचा: दिवसा जादा विजेने पाणी खालच्या धरणातून वर चढवायचे आणि संध्याकाळी ते खाली सोडून वीज करायची. पश्चिम बंगालमध्ये पुरुलिया येथे ९०० मेगावॅटचे, तर आपल्याकडे सह्याद्रीच्या कड्यावर घाटघर येथे २५० मेगावॅटचे असे केंद्र आहे. हेही खर्च पुन्हा पहिल्याच दिवशी करावयाचे, म्हणजे पुन्हा व्याजाचाच प्रश्न.

माळढोकाचे म्हणणे

पर्यावरणवाद्यांची एक बाजू आणि उद्योगपतींची दुसरी, अशी साधी विभागणी राजस्थानात टिकली नाही. ज्या उजाड माळावर ऊन भरपूर आहे, त्याच माळावर माळढोक राहतो. जगात या पक्ष्याची संख्या आता दीडशेच्या आसपास किंवा त्याहूनही कमी उरली असावी आणि त्यातील बहुतेक राजस्थानात आहेत. नर माळढोक चौदा-पंधरा किलोपर्यंत भरतो. त्याला समोरचे नीट दिसत नाही आणि एवढे वजन ऐन वेळी वळवता येत नाही. उडताना तो विजेच्या उच्चदाब तारांवर आदळतो.

एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माळढोकाच्या अधिवासातील तारा, शक्य तेथे, जमिनीखाली नेण्याचा आदेश दिला. क्षेत्र प्रचंड होते आणि उच्चदाब वाहिनी जमिनीखालून नेणे अनेक पटींनी महाग. सरकार आणि कंपन्या म्हणाल्या, असे झाले तर सौर प्रकल्पच थांबतील आणि हवामानबदलाशी झुंज द्यायची कशी? मार्च २०२४ मध्ये न्यायालयाने आपला सरसकट आदेश मागे घेतला, तज्ज्ञ समिती नेमली, आणि त्याच निकालात हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा नागरिकांचा हक्क घटनेच्या १४ व्या आणि २१ व्या अनुच्छेदांतून निष्पन्न होतो, असे नमूद केले. म्हणजे एकाच न्यायपत्रात नागरिकाला एक हक्क मिळाला आणि पक्ष्याला मिळालेले संरक्षण आकुंचले. दोन्ही बाजूंचे वकील पर्यावरणाच्याच नावाने बोलत होते.

सोलापूर जिल्ह्यातील नान्नजच्या माळावर एकेकाळी माळढोक पाहण्यासाठी लांबून पक्षिप्रेमी येत असत. आता तेथे त्याचे दर्शन अत्यंत दुर्मीळ झाले आहे. तेव्हा सौर वाहिन्या नव्हत्या. शेती, कुंपणे आणि रस्ते पुरेसे ठरले. राजस्थानची कहाणी वाचताना मराठी वाचकाला म्हणूनच ती परकी वाटू नये.

जैसलमेरकडे 'ओरण' नावाची राने आहेत. आपल्याकडील देवरायांची ती भावंडे. देवाच्या नावाने राखलेल्या या रानांत गुरे, उंट, शेळ्या चरतात. महसूल दप्तरांत मात्र अशा अनेक जमिनींची नोंद 'पडीक' अशी आहे. कर्जप्रस्तावासोबत जेव्हा पडीक जमिनीचा उतारा जोडला जातो, तेव्हा तो पाहणाऱ्या अधिकाऱ्याला त्यात उंट दिसत नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातील या रानांचे सर्वेक्षण करून त्यांना वन म्हणून संरक्षण देण्याचे निर्देश दिले. उशीर झाला, पण दप्तरातील एक शब्द सुधारण्याची वाट मोकळी झाली.

आपल्या छपरावर

ज्या सौर विजेला ना नवी जमीन लागते ना लांब तारा, ती छपरावरची. रिझर्व्ह बँकेने २०१५ मध्ये नवीकरणीय ऊर्जेचा प्राधान्य क्षेत्रात समावेश केला आणि घरगुती ग्राहकांसाठी १० लाख रुपयांपर्यंतची कर्जे त्यात धरली. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या 'पीएम सूर्यघर' योजनेत तीन किलोवॅटच्या संचासाठी ७८ हजार रुपये अनुदान ठरवण्यात आले. समजा, संचाला १ लाख ८० हजार रुपये खर्च आला. अनुदान वजा जाता राहिले १ लाख २ हजार. ७ टक्के दराने, दहा वर्षांच्या मुदतीने हप्ता बाराशे रुपयांच्या आत बसतो. असा संच ऊन-पावसाची सरासरी धरून महिन्याला तीनशे-साडेतीनशे युनिट देतो. ज्यांचे बिल आजवर दोन हजारांच्या घरात होते, त्यांना पुढचे गणित सांगण्याची गरज नाही.

परंतु हे गणित ज्यांचे स्वतःचे छप्पर आहे त्यांचेच. चाळीत, भाड्याच्या खोलीत किंवा दहा मजली इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याने संच कोठे बसवावा? शिवाय अधिक बिल भरणारा ग्राहक छपराकडे वळला की वितरण कंपनीचे उत्पन्न घटते आणि गरीब ग्राहकाला स्वस्त वीज देण्यासाठी जो पैसा येत होता तो आटतो. गृहनिर्माण संस्थांना अनुदान आहे हे खरे, पण सभासदांची बैठक एकमताने पार पाडणे हे पॅरिस करारापेक्षा सोपे आहे, असे कोणत्याही संस्थेचा सचिव म्हणणार नाही.

जागतिक व्याजदर

एका गावाला लागू असलेले गणित जगालाही लागू आहे. श्रीमंत देशांत भांडवल स्वस्त, तेथे ऊन कमी. भारत व आफ्रिकेत ऊन मुबलक, तेथे भांडवल महाग. २००९ मध्ये कोपनहेगन येथे श्रीमंत राष्ट्रांनी २०२० पर्यंत दरवर्षी १०० अब्ज डॉलर देण्याचे वचन दिले. ते प्रथमच पूर्ण झाले २०२२ मध्ये, आणि त्यातही मोठा भाग कर्जाचा होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये बाकू येथे २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलरचा आकडा मंजूर झाला, त्यावर भारताच्या प्रतिनिधींनी तेथेच तीव्र आक्षेप नोंदवला. ज्या देशाला दहा टक्क्यांनी कर्ज काढावे लागते, त्याला पाच टक्क्यांनी काढणाऱ्याने स्वच्छ ऊर्जेचा धडा द्यावा, यातील विसंगती सांगायला पर्यावरणशास्त्र लागत नाही.

भारत सरकारने जानेवारी २०२३ मध्ये प्रथमच हरित रोखे विक्रीस काढले. पर्यावरणप्रेमी गुंतवणूकदार पृथ्वीसाठी थोडे कमी व्याज घेतील, अशी त्यामागे अपेक्षा होती. मिळालेली सवलत होती एका टक्क्याचा सुमारे पाच-सहा शतांश. शंभर रुपयांवर वर्षाला पाच-सहा पैसे! त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेने हरित ठेवींची चौकट जाहीर केली आणि १ जूनपासून ती अमलात आली. तिच्याखाली घेतलेला ठेवीदाराचा पैसा कोठे लावला, याचा हिशेब बँकेला द्यावा लागतो. हवामानाविषयी कळकळीने बोलणारे किती ग्राहक अशी ठेव मागायला काउंटरपर्यंत येतात, हे शाखांतील सहकाऱ्यांना अधिक चांगले ठाऊक असेल.

सौर पॅनेलचे आयुष्य साधारणपणे पंचवीस वर्षांचे धरले जाते. आज पस्तिशीत असलेला अधिकारी ज्या प्रकल्पाचे कर्ज मंजूर करील, तो प्रकल्प आणि तो अधिकारी जवळजवळ एकाच वर्षी निवृत्त होतील. भडल्यातील पहिल्या काचा उतरवण्याची वेळ येईल ती २०४० च्या सुमारास. काच, ॲल्युमिनियम, थोडी चांदी आणि थोडे शिसे असलेला तो ढीग कोठे जाणार? एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत सौर पॅनेलचा समावेश झाला असून तूर्त उत्पादकांनी असा कचरा २०३४-३५ पर्यंत साठवून ठेवायचा आहे. तो उचलण्याचा खर्च वर मांडलेल्या ४ कोटींत धरलेला नाही.